मेल्यावर खेळ तुम्हाला कुठे आणून सोडतो?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

उड्या मारत, खड्डे आणि काटे चुकवत पुढे सरकायचे, अशा खेळांना प्लॅटफॉर्म गेम म्हणतात. जुन्या धाटणीची चौकोनी ठिपक्यांची चित्रे असलेले आणि तळहाताला घाम फोडणारे असे नवे खेळ सध्या आवडीने खेळले जात आहेत. २०१८ च्या जानेवारीत आलेल्या ‘सेलेस्ट’ या खेळाविषयी आमच्याकडे इतकी पत्रे साठली होती, की या वेळचे सदर आम्ही त्यालाच दिले आहे. मॅडेलिन नावाची एक तरुणी सेलेस्ट नावाचा डोंगर एकटीने चढू पाहते, एवढीच या खेळाची गोष्ट. या नावाचा डोंगर कॅनडातील व्हँकुव्हर बेटावर खरोखरच आहे.

प्रश्न : महोदय, १९९० च्या दशकात आमच्या चाळीत टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम फक्त आमच्याकडे होता. कॅसेट लागली नाही की ती काढून तिच्यात फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची, हा आमचा सुट्टीतला नित्यक्रम होता. तीन लाइफमध्ये मी ‘मारिओ’ शेवटपर्यंत दोनदा जिंकलो होतो. आता मुलाच्या आग्रहावरून ‘सेलेस्ट’ खेळायला घेतला, तर पहिला अध्याय संपताना खेळानेच दाखवले की मी १८७ वेळा मेलो. मी इतका कच्चा झालो आहे का, की आजचे खेळच अधिक अवघड आहेत? (वाचक, पुणे, वय ४१)

उत्तर : १८७ या आकड्याने खचून जाण्याआधी दोन्ही खेळांत मरणाची किंमत काय आहे ते पाहू. तुम्ही खेळलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ साली जपानमध्ये आला. आठ जगे आणि प्रत्येकात चार टप्पे मिळून त्यात एकूण ३२ टप्पे होते. तीनही लाइफ संपले की खेळ पुन्हा पहिल्या जगाच्या पहिल्या टप्प्यावर आणून सोडत असे. मुख्य पडद्यावर ए बटण दाबून धरून स्टार्ट दाबले, तर हरलेल्या जगापासूनच पुढे खेळता येत होते. परंतु ही युक्ती चाळीतल्या कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ‘सेलेस्ट’मध्ये लाइफ ही गोष्टच नाही. काट्यावर पडलात की सेकंदभरात तुम्ही त्याच दालनाच्या तोंडाशी पुन्हा उभे असता, आणि एक दालन बहुतेक वेळा एका पडद्याएवढेच असते. म्हणजे मारिओमध्ये एक चूक अर्ध्या तासाची मेहनत घालवू शकत होती, तर इथे ती बहुधा पाच-दहा सेकंदांची जाते. असे असताना दोन्हीकडच्या मरणांची संख्या एकमेकींसमोर मांडणे म्हणजे रुपये आणि पैसे यांची सरळ बेरीज करण्यासारखे आहे.

जुने खेळ असे का होते, याची कारणे बरीचशी व्यवहारातली आहेत. या खेळप्रकाराचे मूळ गेम पार्लरमध्ये आहे. १९८१ चा ‘डाँकी काँग’ नाणे टाकून खेळायचा होता, आणि खेळणारा तासभर एकाच नाण्यावर उभा राहिला तर मालकाचे नुकसान होई. त्यामुळे माणसाला ठरावीक वेळात मारणे हा त्या यंत्राच्या धंद्याचाच भाग होता. घरगुती यंत्र आले तेव्हा नाणे गेले, पण सवय राहिली, आणि तिला दुसरे एक कारण येऊन मिळाले. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची संपूर्ण कॅसेट ४० किलोबाइटची होती. आज फोनवर काढलेला एक साधा फोटोही याच्या कितीतरी पट मोठा असतो. त्या खेळातले ढग आणि झुडपे नीट पाहिलीत, तर आकार एकच असून फक्त रंग बदललेला दिसेल. जागेची काटकसर या थराची होती. एवढ्याशा जागेत महिनाभर पुरेल असा खेळ भरायचा, तर खेळणाऱ्याला पुनःपुन्हा आरंभी पाठवणे हाच सर्वांत स्वस्त उपाय होता. कॅपकॉम कंपनीच्या, १९८५ च्याच ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’ने तर कमाल केली. त्यातील सरदाराला एक फटका बसला की अंगावरचे चिलखत गळून पडे आणि तो चड्डीवर धावू लागे, दुसऱ्या फटक्याला प्राण जाई. आणि इतके सोसून शेवट गाठला, की हा सारा सैतानाचा सापळा होता असे सांगून खेळ तुम्हाला पहिल्यापासून सगळे पुन्हा करायला लावी. १९८६ साली जपानमध्ये निघालेल्या मारिओच्या दुसऱ्या भागात खाल्ल्यावर जीव घेणारे विषारी मशरूम होते आणि मागच्या जगात नेऊन टाकणाऱ्या नळ्याही होत्या. मला या खेळांविषयी प्रेम आहे. पण त्यांच्या अवघडपणातला मोठा वाटा निव्वळ खोडसाळपणाचा होता, हे मान्य करायला हवे.

जाता जाता आणखी एक बाब सांगतो, जी वाचून तुमच्या सुट्टीतल्या पराक्रमाला किंचित ओरखडा येईल. हे खेळ सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या जपानी आणि अमेरिकी टीव्हीसाठी रचलेले होते. भारतात पाल (PAL) या प्रसारण पद्धतीचे टीव्ही होते आणि त्यांना जोडण्यासाठी बनवलेली नकली यंत्रे बहुधा सेकंदाला ५० चित्रे दाखवीत. अशा यंत्रावर तोच खेळ एक षष्ठांशाने सावकाश चालतो आणि जपानमधल्या मुलाला १०० सेकंद लागतील तिथे तुम्हाला १२० सेकंद मिळतात. आपल्यापैकी अनेकांच्या लहानपणीचा मारिओ खरोखरच थोडा दमाने धावत होता.

आता ‘सेलेस्ट’कडे. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी प्रथम चार दिवसांत त्याची एक छोटी आवृत्ती केली आणि पुढे तिचाच हा मोठा खेळ झाला. मॅडेलिनला करता येण्यासारख्या गोष्टी तीनच आहेत : उडी मारणे, भिंत धरून दम असेपर्यंत चढणे, आणि आठांपैकी कोणत्याही दिशेला हवेत एक झेप घेणे, जिला खेळात डॅश म्हणतात. झेप वापरली की तिचे लाल केस निळे होतात आणि पाय जमिनीला टेकले की पुन्हा लाल होतात. एवढ्याच सामग्रीवर दालनामागून दालन रचलेले आहे, आणि प्रत्येक दालनाचा निकाल सेकंदाच्या लहानशा भागावर लागतो. या अर्थाने तुमची शंका खरी आहे. हातांकडून अपेक्षिलेली अचूकता इथे मारिओपेक्षा निःसंशय जास्त आहे.

मात्र ती अचूकता मागताना हा खेळ गुपचूप सवलतही देतो, आणि मला त्याचे सर्वांत जास्त कौतुक याच गोष्टीचे वाटते. कड्यावरून पाय सुटल्यावरही सेकंदाच्या एक दशांशापर्यंत उडीचे बटण दाबले, तर खेळ तुम्ही अजून कड्यावरच आहात असे धरून उडी देतो. या सवलतीला खेळ रचणारे ‘कायोटी टाइम’ म्हणतात. कड्याच्या पुढे धावत गेलेला आणि खाली पाहीपर्यंत न पडणारा कार्टूनमधला कोल्हा तुम्ही पाहिला असेलच, त्याचेच हे नाव. जमिनीला पाय टेकण्याच्या क्षणभर आधी बटण दाबले गेले, तर ते वाया न जाता टेकताक्षणी उडी लागते. उडताना डोके छताच्या कोपऱ्याला जेमतेम घासले, तर खेळ तुम्हाला चार-दोन ठिपके बाजूला सरकवून वर जाऊ देतो. भिंतीला न टेकता तिच्यापासून दोन ठिपक्यांवर असलात, तरी भिंतीवरची उडी मान्य होते. उडीच्या अगदी माथ्यावर बटण दाबून धरले असेल, तर गुरुत्वाकर्षण निम्मे होते, म्हणजे कुठे उतरायचे ते ठरवायला तुम्हाला उसंत मिळते. वर टोके असलेल्या काट्यांना तुम्ही वर जाताना स्पर्श केलात, तर मरण येत नाही. पडताना केलात तरच येते. या सवलती डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून ‘अरेच्चा, जमले की’ असे वाटताना श्रेय सगळे आपल्यालाच मिळते. तुमच्या १८७ मरणांच्या हिशेबात खेळाने गुपचूप वाचवलेले शेकडो प्रसंग धरलेलेच नाहीत.

राहता राहिला वयाचा प्रश्न. एक्केचाळिसाव्या वर्षी बोटे थोडी मंदावत असतीलही, पण या खेळात झटपट प्रतिसादाला जेवढी किंमत आहे, त्यापेक्षा पाठांतराला जास्त आहे. दालने बदलत नाहीत. काटे त्याच जागी असतात आणि हलणाऱ्या फळ्या त्याच तालावर हलतात. पहिल्याच अध्यायात १८७ वेळा मरूनही जो माणूस पत्र लिहायला बसतो, त्याला दुसरा अध्याय झेपेल असे मला वाटते.

प्रश्न : माझा नातू हा खेळ खेळतो, म्हणून मी शेजारी बसून पाहिला. आज संगणकावर खरी वाटावीत अशी माणसे आणि शहरे दाखवता येत असताना हे लोक मुद्दाम चौकटीच्या कागदावर काढल्यासारखी चित्रे का काढतात? हा केवळ जुन्याचा सोस आहे का? (निवृत्त शिक्षिका, मिरज)

उत्तर : चौकटीच्या कागदाची आपली उपमा फारच नेमकी आहे. ‘सेलेस्ट’चे मूळ चित्र आडवे ३२० आणि उभे १८० ठिपके, इतकेच आहे. आजच्या सामान्य टीव्हीचा पडदा १९२० बाय १०८० ठिपक्यांचा असतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी बरोबर सहा पट. त्यामुळे खेळातला प्रत्येक ठिपका पडद्यावर सहा बाय सहाचा स्वच्छ चौकोन होऊन दिसतो आणि त्याची कड फिसकटत नाही.

जुन्याचा सोस अजिबात नाही, असे मी म्हणणार नाही. पण त्यापलीकडे एक सोय आहे. जिथे दोन-चार ठिपक्यांवर जगणे-मरणे ठरते, तिथे कडा कुठे संपतो आणि काटा कुठे सुरू होतो हे खेळणाऱ्याला एका दृष्टिक्षेपात कळायला हवे. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या दगडाला उंचवटे असतात, सावल्या असतात, गवत असते. त्यातल्या कोणत्या भागावर पाय ठरेल याचा अंदाजच करावा लागतो. चौकटीच्या कागदावरचा दगड मोजता येतो. केसांचा रंग बदलून झेप उरली आहे की नाही ते कळवण्याची युक्तीही याच साधेपणामुळे जमते, कारण इतक्या लहान आकृतीत केसांवाचून दुसरे काही लक्षात राहतच नाही. शिवाय असे खेळ मूठभर माणसे मिळून करतात आणि शहरे उभारण्याइतके मनुष्यबळ त्यांच्याकडे नसते, हेही उघड आहे.

नातू पुन्हा खेळायला बसला, की संवाद चालू असताना पडद्याकडे पाहावे. तिथे पात्रांचे चेहरे ठिपक्यांचे नसून नीट रंगवलेले असतात, आणि अध्याय निवडताना दिसणारा डोंगर तर त्रिमितीय आहे. १९८५ च्या यंत्राला यातले काहीच दाखवता आले नसते. जुनेपणातले जे हाताला उपयोगी आहे तेवढे घ्यायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे, असा हा मामला आहे. लीना रेन यांचे संगीतही असेच आहे. त्यात जुन्या यंत्रांची आठवण करून देणारे ध्वनी येतात, पण पियानोही तितक्याच मोकळेपणाने येतो.

प्रश्न : माझी मुलगी दहा वर्षांची आहे आणि मुलगा चौदा वर्षांचा. दोघेही ‘सेलेस्ट’ खेळतात. मुलगी त्यातला असिस्ट मोड लावून खेळते, म्हणून भाऊ तिला सतत ‘ही चीटिंग आहे, तू खरा खेळ खेळलीच नाहीस’ असे म्हणतो आणि रोज भांडण होते. यात बरोबर कोण? (गृहिणी, कोल्हापूर)

उत्तर : हा निवाडा खेळाच्या कर्त्यांनीच करून ठेवला आहे. ही सोय तयार होत असताना तिला त्यांच्याकडे ‘चीट मोड’च म्हणत होते, आणि ते नाव खेळणाऱ्याला कमी लेखते असे वाटल्यावर त्यांनी ते बदलले. म्हणजे तुमचा मुलगा आज जे म्हणतो आहे, ते म्हणून, विचार करून, मागे घेऊन झालेले आहे.

असिस्ट मोडमध्ये नेमके काय असते ते सांगतो, कारण भांडणे बहुधा ते न पाहताच होतात. खेळाचा वेग शंभर टक्क्यांवरून दहा-दहाने कमी करत पन्नासपर्यंत आणता येतो. भिंत धरण्याचा दम न संपणारा करता येतो. एकाऐवजी अधिक झेपा घेता येतात, झेपेची दिशा ठरवण्यासाठी क्षणभर खेळ थांबवून घेता येतो, आणि अगदी मरणच येणार नाही अशीही व्यवस्था करता येते. यातली प्रत्येक गोष्ट वेगवेगळी चालू-बंद होते. तेव्हा ‘असिस्ट मोड लावला’ एवढ्या वाक्यावरून काहीच कळत नाही; ऐंशी टक्के वेगाने खेळणारी मुलगी आणि न मरता सरळ चालत जाणारी मुलगी यांचे अनुभव अगदी वेगळे असतात.

वेग कमी करून खेळण्याबद्दल तर माझे मत स्पष्ट आहे. तबला शिकवणारे गुरुजी पहिल्याच दिवशी ‘कायदा’ ही रचना द्रुत लयीत वाजवायला लावत नाहीत. ठाय लयीत बोल हाताखाली बसले की मग दुगुन येते, मग चौगुन. ठाय लयीत वाजवणाऱ्याला ‘तू खरा तबला वाजवला नाहीस’ असे कोणी म्हणत नाही. मुलीला हवे असेल, तर तिला ७० टक्क्यांवर एक अध्याय पुरा करून तोच पुन्हा ८० आणि ९० वर खेळायला सांगून पाहा. आणि तिला तसे नको असेल, फक्त मॅडेलिनचे पुढे काय झाले ते पाहायचे असेल, तर तेही कारण पुरेसे आहे. या गोष्टीत दोरावरून सरकणाऱ्या पाळण्यात बसून वर जाताना मॅडेलिनचा जीव घाबराघुबरा होतो आणि तिचा सोबती तिला एक पीस हवेत तरंगत ठेवल्याची कल्पना करून श्वास सावकाश घ्यायला शिकवतो, असा एक प्रसंग आहे. तिथे खेळणाऱ्यानेही बटण दाबून आणि सोडून ते पीस चौकटीत सांभाळायचे असते. दहा वर्षांच्या मुलीपर्यंत तो प्रसंग पोहोचावा आणि मधले काटे त्याच्या आड येऊ नयेत, असे मला मनापासून वाटते.

कर्त्यांनी स्वतः मात्र हा मोड सुरू करण्यापूर्वी एक सूचना दिलेली आहे, आणि मुलाच्या बाजूने एवढे म्हणता येईल. खेळ अवघड असणे हा त्याच्या अनुभवाचा भाग आहे आणि शक्य असेल तर प्रथम तसाच खेळावा, असा तिचा आशय आहे. पण ज्याला तसे शक्य नाही त्याच्यासाठी दार उघडे आहे, असेही तिथेच सांगितले आहे. मुलाला शौर्यच दाखवायचे असेल, तर बहुतेक अध्यायांत एक कॅसेट लपवलेली असते, ती शोधायला सांगावे. ही आपल्या लहानपणीची फुंकर मारायची कॅसेट नव्हे, गाण्यांची असते तशी. ती सापडली की त्या अध्यायाची दुसरी, फारच कठीण बाजू उघडते. त्या बाजूला गेल्यावर बहिणीकडे लक्ष द्यायला त्याला वेळ उरणार नाही.

प्रश्न : लॅपटॉपवर जमणाऱ्या उड्या मोठ्या टीव्हीवर जमत नाहीत. बटण दाबल्यावर उडी उशिरा लागल्यासारखे वाटते. हा माझा भास आहे का? (वाचक, ठाणे)

उत्तर : भास नाही. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही चित्र आले की लगेच दाखवत असे. नवा टीव्ही ते आधी स्वतःकडे ठेवून घेतो, उजळवतो, हालचाल गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. सेकंदाला ६० चित्रांच्या हिशेबाने एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते. टीव्हीने १०० मिलिसेकंद खाल्ले तर तुम्ही सहा चित्रे मागे पडता, आणि वर सांगितलेली कड्यावरची एक दशांश सेकंदाची सवलत तिथेच संपते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो चालू करावा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी. लॅपटॉपचे चित्र वायफायवरून टीव्हीवर टाकत असाल, तर ते आधी थांबवून एचडीएमआय केबल लावावी. असे खेळ वायफायवरून खेळण्यात अर्थ नाही.

कीबोर्डवर खेळणाऱ्यांसाठी यालाच जोडून एक सांगतो. काही साधे कीबोर्ड ठरावीक तीन कळा एकदम दाबल्या, की तिसरी ओळखतच नाहीत. तिरकी झेप घेताना दोन बाण आणि एक कळ अशा तीन लागतात, त्यामुळे झेप लागली नाही की माणूस स्वतःला दोष देत बसतो. कळा बदलून पाहाव्यात. कंट्रोलर असेल, तर अंगठ्याने फिरवायच्या काडीपेक्षा चार दिशांच्या फुलीच्या बटणावर झेपेची दिशा चुकण्याची शक्यता कमी असते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : पैसे खर्च न करता या प्रकारचा खेळ करून पाहता येईल का? माझ्याकडे जुना संगणक आहे. (विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर : येईल. वर उल्लेख आलेली, चार दिवसांत केलेली ‘सेलेस्ट’ ब्राउझरमध्ये विनामूल्य खेळता येते. तिचा पडदा केवळ १२८ बाय १२८ ठिपक्यांचा आणि १६ रंगांचा आहे, त्यामुळे जुना संगणक कुरकुर करणार नाही. बाणांच्या कळा आणि आणखी दोन कळा एवढ्यावर सगळा खेळ चालतो, आणि प्रत्येक दालनागणिक तुम्ही शंभर मीटर वर जाता. तिच्यात भिंत धरता येत नाही, फक्त भिंतीवरून उडी घेता येते, म्हणून ती मोठ्या खेळापेक्षा एका अर्थाने कठोर आहे. २०२१ च्या जानेवारीत तिचा दुसरा भागही असाच विनामूल्य आला.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘सेलेस्ट’च्या दुसऱ्या अध्यायात आरशातून बाहेर आलेली मॅडेलिनची जांभळ्या केसांची प्रतिमा पाठलाग करते, तिथे मी तीन रात्री अडकलो आहे. एकाच दालनात शंभरहून अधिक वेळा मेलो. रात्री दोन वाजेपर्यंत खेळतो आणि शेवटी आरंभापेक्षाही वाईट खेळू लागतो. काही उपाय सांगा. (विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : प्रथम ती प्रतिमा काय करते ते नीट समजून घ्या, कारण तुमची निम्मी मरणे बहुधा गैरसमजातून येत असावीत. ती तुमच्याकडे सरळ रेषेत धावून येत नाही. तुम्ही साधारण दीड सेकंदापूर्वी जिथे होता, नेमकी तिथे ती आता असते. तुमची प्रत्येक उडी, झेप आणि अडखळणे ती जसेच्या तसे पुन्हा करते. पुढच्या दालनांत अशा अनेक प्रतिमा एकामागून एक रांगेने येतात, आणि त्याही सर्व तुमच्याच वाटेने. याचे दोन परिणाम होतात. एक म्हणजे एका जागी थांबून विचार करता येत नाही, कारण थांबलेल्या जागी ती येऊन पोहोचतेच. दुसरा म्हणजे आलेल्या वाटेने परत फिरलात, तर तिच्या तोंडावर जाऊन आदळता. दालनात वेचण्यासाठी ठेवलेली स्ट्रॉबेरी घ्यायला मागे फिरावे लागत असेल, तर जाताना जमिनीलगत जा आणि येताना वरून या, किंवा याच्या उलट करा. आपल्याच वाटेला छेद द्यायचा नाही, एवढे सांभाळले की पुरे. सगळ्या मिळून १७५ स्ट्रॉबेऱ्या आहेत आणि त्यांचा उपयोग मित्रांना दाखवण्यापलीकडे काही नाही, असे खेळ स्वतःच सांगतो. पहिल्या फेरीत त्या सोडून दिल्या तरी चालेल.

या अध्यायातल्या चांदण्यांनी भरलेल्या काळ्या ठोकळ्यांमधून झेपेने आरपार जाता येते, हे तुम्हाला माहीत आहेच. बाहेर पडताक्षणी झेप पुन्हा भरून मिळते, ही गोष्ट मात्र घाईत अनेकांच्या लक्षात येत नाही. ठोकळ्यातून बाहेर पडतानाच उडीचे बटण दाबले, तर वेगासकट पुढे फेकले जाता; रुंद खड्डे त्यानेच पार होतात. केस लाल झालेले दिसले की झेप आहे, एवढेच पाहायचे. प्रतिमेकडे पाहायचेच नाही. ती कुठे आहे हे पाहण्यासाठी नजर मागे गेली, की पुढचा काटा लागतो.

सरावासाठी दालनाचे तुकडे पाडा. पहिल्या दोन उड्या विचार न करता लागू लागेपर्यंत तिसरीची चिंता करू नका. तिसरी चुकणारच आहे असे धरूनच चाला, कारण मेल्यावर तुम्ही दालनाच्या तोंडाशीच परत येता आणि त्या पहिल्या दोन उड्यांचा सराव आपोआप होतो. शंभर मरणांपैकी ऐंशी एकाच जागी होत असतील, तर तिथे नेमके काय चुकते ते मोठ्याने म्हणून पाहा : ‘उडी लवकर मारली’, ‘झेप तिरकी गेली’. हा वेडेपणा वाटेल. वसतिगृहातल्या सोबत्याने कान टवकारले तरी करा. चूक शब्दांत मांडली की ती सुधारता येते, आणि ‘छे, पुन्हा’ एवढेच म्हटले की तीच चूक पुन्हा होते.

रात्री दोनपर्यंत खेळणे मात्र बंद करा. दमलेली बोटे चुकीचा क्रमच पक्का करत असतात. एका दालनाला वीस मिनिटे द्या, नाही जमले तर यंत्र बंद करून झोपा. मी स्वतः याच पाठलागात एक संपूर्ण रविवार घालवला होता. सायंकाळी अंगठा दुखू लागला तेव्हा लक्षात आले, की जणू जोराने दाबल्याने उडी उंच जाईल अशा थाटात मी कंट्रोलर आवळून धरला होता. सोमवारी सकाळी चहा होईपर्यंत ते दालन तिसऱ्या प्रयत्नात सुटले. तुमचाही अंगठा किंवा मनगट दुखत असेल, तर पकड सैल करा आणि दोन दिवस खेळू नका. त्यानंतरही दुखणे राहिले तर डॉक्टरांना दाखवा.

पाठलागाच्या शेवटच्या दालनातून बाहेर पडलात, की एक टेलिफोन बूथ लागेल. तिथे धावण्याची गरज नाही.